भिरंडेल : मालवण किनाऱ्यावरील कोकमतेलाचा सामाजिक व आर्थिक इतिहास

बीजशब्द : कोकम, रातांबा, भिरंडेल, सिंधुदुर्ग, पारंपरिक ज्ञान, गृहोद्योग, त्वचासंरक्षण

१. प्रस्तावना

सिंधुदुर्ग जिल्ह्याची ओळख सांगताना हापूस आंबा, काजू, नारळ आणि मासळी यांचा उल्लेख प्रथम होतो. कोकमाचा उल्लेख त्यामागून येतो आणि तोही बहुधा सोलकढी, आमसूल किंवा सरबत यांच्यापुरता मर्यादित असतो. रातांब्याची साल काढून घेतल्यावर जी बी उरते, तिच्यापासून मिळणाऱ्या तेलाकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः हे तेल, म्हणजेच भिरंडेल, कोकणातील शेतकरी व कष्टकरी कुटुंबांच्या घरात पिढ्यान्पिढ्या वापरले गेले आहे. टाचांच्या भेगा, फुटलेले ओठ आणि खरखरीत झालेले हात यांवरचा तो हमखास घरगुती उपाय होता. आज हाच पदार्थ ‘कोकम बटर’ या नावाने सौंदर्यप्रसाधनांच्या जागतिक बाजारपेठेत मानाने वावरतो.

घरातील शिंकाळ्यापासून प्रसाधनांच्या कारखान्यापर्यंतचा हा प्रवास कसा घडला, या प्रवासात कोणते ज्ञान ग्रंथांत नोंदले गेले आणि कोणते मागे राहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, भिरंडेलाच्या लिखित इतिहासात पदार्थाची नोंद झाली, परंतु तो पदार्थ घडविणाऱ्या हातांची नोंद झाली नाही. आणि या एकांगी नोंदीचे आर्थिक परिणाम आजही दिसतात.

२. वृक्ष, फळ आणि नाव

कोकमाचा वृक्ष पश्चिम घाट आणि त्याच्या पायथ्याचा कोकणपट्टा येथील रहिवासी आहे. मालवण, वेंगुर्ले किंवा देवगड येथील समुद्रालगतच्या वाळूत माडांची रांग दिसते. कोकम मात्र तिच्या आतल्या बाजूस, जांभ्या दगडाच्या उतारांवर, वहाळांच्या काठी आणि घरामागच्या परसात वाढतो. कुडाळ, सावंतवाडी, कणकवली आणि दोडामार्ग या तालुक्यांत तो विशेषत्वाने आढळतो. या वृक्षात नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. बीपासून वाढविलेले झाड फुलोऱ्यास येईपर्यंत ते फळ देणार की नाही हे कळत नाही, आणि त्यासाठी कित्येक वर्षे थांबावे लागते. त्यामुळे दीर्घकाळ कोकमाची पद्धतशीर बाग झाली नाही. परसात आपोआप रुजलेले झाड जपावे आणि मिळेल ते फळ घ्यावे, अशीच रीत होती.

या फळास उत्तरेकडे रातांबा आणि दक्षिण सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंत भिरंड म्हणतात. तेलाच्या नावातही इतिहासाचा एक पुरावा दडलेला आहे. एरंडापासून एरंडेल, करंजापासून करंजेल, खोबऱ्यापासून खोबरेल, उंडीपासून उंडेल, त्याचप्रमाणे भिरंडापासून भिरंडेल. संस्कृत ‘तैल’ या शब्दाचे अवशेषरूप असलेला हा ‘-एल’ प्रत्यय ज्या तेलांना लागला, ती सर्व लोकांच्या नित्य वापरातील तेले होत. एखाद्या तेलास भाषेने स्वतंत्र शब्द दिला, याचाच अर्थ ते तेल समाजाच्या रोजच्या व्यवहारात स्थिरावले होते, असे मानावयास हरकत नाही.

या तेलांमध्ये कामाची वाटणीही झालेली होती. खोबरेल स्वयंपाकास आणि केसांस, करंजेल व उंडेल दिव्यास, करंजेल खरजेसारख्या त्वचारोगांवरही, एरंडेल पोटासाठी. आणि भिरंडेल प्रामुख्याने भेगाळलेल्या त्वचेसाठी. गरजू कुटुंबांत भिरंडेल खाण्यातही वापरले जाई. रॉकेलचे दिवे घरोघर पोहोचल्यावर दिव्याच्या तेलांची गरज ओसरली. भिरंडेलाचे काम मात्र दिव्याशी बांधलेले नसल्यामुळे ते घरात टिकून राहिले.

३. घरगुती निर्मितीची पद्धत

रातांबे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात. पावसापूर्वीच्या या दोन महिन्यांत कोकणातील घरात कामाची एकच धांदल असते. रातांबे फोडून साल वेगळी करणे, आतल्या रसात सालीला पुटे देऊन ती उन्हात वाळविणे, मीठ घालून आगळ करून ठेवणे, ही कामे मृगाच्या आत उरकावी लागतात. या घाईत बिया धुऊन, त्यांवरील बुळबुळीत गर काढून त्या कडकडीत वाळविल्या जातात. बी नीट वाळली नाही तर पावसाळी दमट हवेत तिला बुरशी येते आणि तेलास खवट वास लागतो. म्हणूनच तेलाची प्रत घाण्यावर किंवा चुलीवर नव्हे, तर खळ्यावरच्या उन्हात ठरते, हे या कामातील पहिले ज्ञान होय.

तेल काढण्याचे काम सवडीने, शेतीची घाई नसताना होई. वाळलेल्या बिया कुटून टरफल पाखडून काढावयाचे, आतला मगज उखळात किंवा पाट्यावर बारीक वाटावयाचा आणि तो पाण्यात घालून उकळावयाचा. उकळताना स्निग्धांश वर तरंगतो. तो काढून गाळून थंड होऊ दिला की घट्ट बसतो. दुसऱ्या पद्धतीत वाटलेला मगज पाण्यात रात्रभर ठेवून सकाळी ताकाप्रमाणे घुसळतात आणि लोण्यासारखा वर आलेला गोळा काढून घेतात. मग तो हातांनी दाबून त्याचे लहान गोळे किंवा अंडाकृती वड्या वळतात. पांढरट-पिवळसर रंगाच्या या वड्या पानात किंवा फडक्यात गुंडाळून वर्षभर ठेवता येत.

हे सर्व काम जवळपास पूर्णतः स्त्रियांचे होते. मगज किती बारीक वाटावा, उकळी कोठे थांबवावी, गोळा केव्हा वळावा, यांचे मोजमाप कोठे लिहिलेले नव्हते. ते सासूकडून सुनेकडे आणि आईकडून मुलीकडे हातातूनच जात असे.

४. भिरंडेल आणि कष्टकऱ्यांची त्वचा

या तेलाचा उपयोग टाचांसाठीच का रूढ झाला, याचे उत्तर कोकणच्या श्रमजीवनात आहे. भातलावणीच्या काळात पाय दिवसभर चिखलात असतात. कापणीनंतर तीच जमीन कोरडी व कठीण होते आणि थंडीच्या वाऱ्याने टाचा फुटू लागतात. किनाऱ्यावर मासळीस मीठ लावणाऱ्या स्त्रियांचे हात आणि शिरोड्यासारख्या ठिकाणच्या मिठागरांत अनवाणी राबणाऱ्यांचे पाय यांना खारटपणाचा जाच सतत सोसावा लागे. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे शिरोड्याचे नाव देशभर गेले. परंतु त्या मिठागरांतील नित्याच्या श्रमांचे पायांवर उमटणारे व्रण हा इतिहासलेखनाचा विषय क्वचितच झाला.

भिरंडेलाचा भौतिक गुणधर्म येथे उपयोगी पडला. खोबरेल साधारण २४-२५ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे मालवणसारख्या उष्ण व दमट ठिकाणी ते वर्षाचा बहुतेक काळ पातळच असते आणि लावल्यावर ओघळून जाते. भिरंडेलाचा द्रवणांक सुमारे ३८ ते ४२ अंश आहे. म्हणजे ते कोकणच्या उन्हाळ्यातही घट्ट राहते, ठेवावयास भांडे लागत नाही आणि भेगेत भरल्यावर तेथेच थिजते. निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचे तापमान याहून कमी असल्यामुळे ते नुसते लावून भागत नाही, किंचित ऊब द्यावी लागते. रात्री निजण्यापूर्वी वडी दिव्याच्या ज्योतीवर धरून वितळलेला थेंब भेगेत सोडण्याची जी पद्धत होती, तिचे कारण हेच.

आधुनिक रसायनशास्त्राने या अनुभवास आधार दिला आहे. या स्निग्ध पदार्थात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून अधिक आणि ओलेइक आम्ल त्याखालोखाल, एकूण मेदाम्लांच्या एक तृतीयांशाहून अधिक असते. असा घट्ट स्निग्ध पदार्थ त्वचेवर पातळ थर धरतो, त्वचेतील पाणी उडून जाण्यास अटकाव करतो, आणि मऊ झालेली कातडी चालताना ताणली तरी पुन्हा फाटत नाही. परंपरेने ज्याला ‘भेगा भरणे’ म्हटले, त्याचे शास्त्रीय स्पष्टीकरण एवढेच आहे आणि तेवढे पुरेसे आहे.

मात्र अलीकडील जाहिरातींत या तेलास चिकटविलेले अनेक गुण त्याचे नाहीत. कोकमातील गार्सिनॉल हे संयुग व हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल यांवर पुष्कळ संशोधन झाले आहे; परंतु हे घटक प्रामुख्याने फळाच्या सालीत असतात. सालीचे गुण बीच्या तेलास लावणे म्हणजे आमसुलाचा आंबटपणा भिरंडेलात शोधण्यासारखे होय. परंपरेने हा गोंधळ कधीच केला नव्हता. पित्ताच्या गांधीस आमसुलाचे पाणी आणि टाचेस भिरंडेल, असा भेद घरातील वृद्ध स्त्री सहज करी. त्याचबरोबर, मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी ऊन तेल भेगेत सोडण्याची जुनी रीत टाळणेच हिताचे आहे, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

५. ग्रंथांतील नोंदी

आयुर्वेदातील ‘वृक्षाम्ल’ म्हणजे कोकम, असे सामान्यतः मानले जाते. तेथे भर आहे तो फळाच्या आम्लतेवर व पाचक गुणांवर. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्टा याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादात्मक ग्रंथात ‘ब्रिंदोंइश’ या फळाची दखल घेतली. त्याचेही लक्ष फळाचा आंबटपणा, रंगाऱ्यांना होणारा उपयोग आणि सालीपासून होणारा शिरका यांकडे होते. ‘भिरंड’ हा स्थानिक शब्द पोर्तुगीजांच्या उच्चारातून युरोपात गेला आणि पुढे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ थुआर्स याने या वृक्षास ‘ब्रिंडोनिया इंडिका’ असे नाव दिले. १८२४ मध्ये शुआझी याने त्यास गार्सिनिया या प्रजातीत आणले. ही प्रजाती लोरां गार्सां या निसर्गअभ्यासकाच्या नावावरून ओळखली जाते. गार्सिया द ऑर्टाशी तिचा संबंध नाही. अशा रीतीने शास्त्रीय नावातून ‘भिरंड’ हा शब्द गळाला. १८३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॉक्सबर्गच्या ‘फ्लोरा इंडिका’मध्ये याच वृक्षास ‘गार्सिनिया पर्प्युरिया’ म्हटले आहे.

बियांच्या तेलाची ठळक नोंद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होते. १८१२ मध्ये मालवण करवीरकरांकडून इंग्रजांकडे आले. पुढे मुंबई इलाख्यातील वनस्पती, औषधे व व्यापारी माल यांची शोधाशोध पद्धतशीरपणे सुरू झाली. एडवर्ड वेअरिंग याने संपादित केलेल्या १८६८ च्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’मध्ये या तेलाचा समावेश झाला. फ्लुकिगर व हॅनबरी यांच्या १८७४ च्या ‘फार्माकोग्राफिया’मध्ये त्यास स्वतंत्र प्रकरण मिळाले. त्यात ओठ, हात इत्यादींच्या भेगांवर हे तेल भारतात लावले जाते, हा उपयोग नोंदलेला आहे. पुढे विल्यम डायमॉक यांची पश्चिम भारतातील औषधी वनस्पतींवरील ग्रंथरचना आणि जॉर्ज वॅट यांचा आर्थिक उत्पादनांचा कोश यांतूनही कोकमाचे सविस्तर वर्णन आले.

या नोंदींचे महत्त्व मोठे आहे. त्यांत पदार्थाचे रूप, गुण व उपयोग काळजीपूर्वक लिहिले गेले. परंतु त्यांची दृष्टी मलमे, मेणबत्त्या यांसारख्या उत्पादनांसाठी कच्चा माल शोधणाऱ्याची होती. ‘देशी लोक वापरतात’ अशा एका वाक्यांशात कोकणातील स्त्रियांचे संपूर्ण कौशल्य सामावून टाकले गेले. ‘भिरंडेल’चे ‘कोकम बटर’ झाले, वस्तू ग्रंथात गेली आणि ती करणारी मात्र चुलीपाशीच राहिली.

६. घटता वापर आणि नवी मागणी

याच काळात जगात दुसरी घटना घडत होती. १८७२ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो याने व्हॅसलिनचे पेटंट घेतले. खनिज तेलापासून निघणारा हा स्वस्त, न खवटणारा आणि कोठेही एकसारखा मिळणारा पदार्थ मलमांचा आधार बनला. भारतात १९२९ मध्ये कलकत्त्यात बोरोलीन सुरू झाले. नळीतून निघणारी क्रीम हाताशी आल्यावर बी कुटणे, वाटणे, उकळणे या श्रमांचे मोल घरातील नव्या पिढीस जास्त वाटू लागले, यात नवल नाही. मुंबईस गेलेल्या चाकरमान्यांच्या गाठोड्यात आमसुले व आगळ जात राहिली, भिरंडेलाची वडी हळूहळू कमी झाली.

स्वातंत्र्योत्तर काळात कोकमाकडे फळपीक म्हणून पाहण्यास आरंभ झाला. १९७२ मध्ये दापोली येथे कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. १९८१ मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९९० पासून राज्यात रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली. विद्यापीठाने १९९७ मध्ये ‘कोकण अमृता’ ही कोकमाची जात प्रसारित केली. कलमांमुळे मादी झाडाची खात्री मिळू लागली आणि परसातील झाड बागेत येऊ शकले. या प्रयत्नांचा रोख स्वाभाविकपणे सालीवर व रसावर होता. बी हे उपउत्पादनच राहिले.

बीला नवी मागणी आली ती बाहेरून, आणि ती प्रथम त्वचेसाठी नव्हे तर चॉकलेटसाठी ठळक झाली. कोकोच्या लोण्याशी कोकमतेलाचे रचनासाम्य आहे आणि ते अधिक तापमानास वितळते, त्यामुळे उष्ण हवेत चॉकलेट घट्ट ठेवण्यास ते उपयोगी पडते. युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक निर्देशात कोकोच्या लोण्याव्यतिरिक्त ज्या सहा वनस्पतिज स्निग्ध पदार्थांना ५ टक्क्यांच्या मर्यादेत परवानगी देण्यात आली, त्यांत शिया, साल, आंब्याची कोय इत्यादींबरोबर कोकमही आहे. याच सुमारास ‘नैसर्गिक’ प्रसाधनांची लाट आली आणि ओठांची मलमे, साबण व क्रीम यांत कोकमतेल वापरले जाऊ लागले.

या व्यापाराची साखळी अशी की, गावात वाळविलेली बी व्यापारी गोळा करतो, तेल यंत्रावर किंवा द्रावकाच्या साहाय्याने दूरच्या कारखान्यात निघते, शुद्धीकरणात त्याचा रंग व वास जातो आणि मग ते डबीत भरले जाते. मूल्यवृद्धीचा प्रत्येक टप्पा गावाबाहेर घडतो. जी स्त्री पूर्वी तेलाची निर्माती होती, ती आता बी वाळविणारी झाली. आणि पुष्कळदा तिच्या मुलीस तेल काढण्याची रीत ठाऊकही नसते.

७. ज्ञानाची मालकी आणि नोंद

पारंपरिक ज्ञानाच्या रक्षणात लिखित नोंदीचे स्थान किती मोठे असते, हे हळदीच्या प्रकरणाने दाखवून दिले. जखम भरून काढण्यासाठी हळदीच्या वापरावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले, ते हा वापर पूर्वीपासून ज्ञात असल्याचे लेखी पुरावे सादर करता आले म्हणून. या दृष्टीने पाहता ज्या वसाहतकालीन ग्रंथांनी कोकणी स्त्रीचे नाव वगळले, तेच ग्रंथ आज तिच्या बाजूचे साक्षीदार ठरतात. भेगांवर भिरंडेल लावण्याची रीत किमान दीडशे वर्षांपूर्वी छापील ग्रंथांत आली असल्यामुळे तो कोणाचाही नवा शोध म्हणता येणार नाही.

परंतु साक्ष वापराची आहे, कौशल्याची नाही. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये गावपातळीवरील समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. तीत कोकमाचा केवळ वृक्ष म्हणून उल्लेख न करता बी वाळविण्यापासून वडी वळण्यापर्यंतची पद्धत, ती जाणणाऱ्या वृद्ध स्त्रियांच्या संमतीने व नावानिशी नोंदविली गेल्यास दीडशे वर्षांची उणीव भरून निघेल. सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमास मिळालेले भौगोलिक मानांकन फळास प्रतिष्ठा देते. त्या प्रतिष्ठेचा लाभ बीपर्यंत पोहोचावयाचा तर लहान यंत्रांवर गावातच तेल काढणारे बचत गट उभे राहणे आवश्यक आहे.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. भिरंडेलाचा त्वचेसाठीचा वापर हा सौंदर्याच्या हौसेतून नव्हे, तर चिखल, मीठ आणि अनवाणी श्रम यांतून जन्मला. उष्ण हवेतही घट्ट राहण्याच्या गुणामुळे ते टाचेच्या भेगांसाठी खोबरेलापेक्षा सोयीचे ठरले आणि आधुनिक रसायनशास्त्र या निवडीस दुजोरा देते. एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांनी पदार्थास जगाच्या नकाशावर आणले, परंतु निर्मितीचे श्रेय नोंदले नाही. विसाव्या शतकात खनिजजन्य मलमांनी घरगुती निर्मिती मागे सारली, आणि त्यानंतर आलेल्या नव्या मागणीने बीची किंमत केली, कौशल्याची केली नाही.

ज्या घरांत आजही थंडीच्या दिवसांत भिरंडेलाची वडी दिव्यावर धरली जाते, तेथे हा इतिहास अजून जिवंत आहे. ही पद्धत जाणणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. तिच्याकडील ज्ञान नोंदविण्याचे काम सिंधुदुर्गातील महाविद्यालये, कृषी संशोधन केंद्रे आणि ग्रामपंचायती यांनी एकत्रितपणे आणि विनाविलंब हाती घेणे अगत्याचे आहे.